बाइंडरचा चौकोनी पिझ्झा

सकाळी अकराच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा बाइंडरच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत खळ लागलेली होती. खळ म्हणजे पुस्तकं चिकटवायची मैद्याची पेज. तो आयुष्यभर ती खळ शिजवत आला होता आणि तिच्यात गुठळी म्हणून कधी झाली नव्हती. ह्याचा त्याला गर्व होता. बाकी गर्व करावा असं आपल्याकडे काही नाही, असं तो स्वतःच म्हणायचा.

त्यानं करंगळीनं फोन उचलला. पलीकडून लेकीचा आवाज आला. "बाबा, माझी बस सव्वादोनला तुझ्याच गल्लीच्या टोकाच्या थांब्यावरून आहे. मी साडेबारापर्यंत घरी येते."

"ये की," तो म्हणाला. ती तिकडे दूर दोन वर्षांच्या नोकरीवर निघाली होती, हे त्याला माहीत होतं. जाताजाता तोंड दाखवून जाईल एवढीच त्याची अपेक्षा होती.

"आणि बाबा..." ती जरा अडखळली. "सकाळपासून पोटात काही नाही. काही असेल तर खाईन तुझ्याकडे."

बाइंडर उभा होता तो खुर्चीवर बसला. खुर्चीला खळ लागली तर लागो.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"काहीही कर. पिझ्झा कर," ती हसून म्हणाली. "पटकन होतो." आणि तिनं फोन ठेवला.

ती थट्टेत बोलली होती हे कुणालाही कळलं असतं. पण बाइंडर काही कुणीही नव्हता. ज्या बापाच्या घरात लेकीनं तीन वर्षं पाण्याशिवाय काही तोंडात घातलेलं नाही, तो बाप थट्टा कशी ओळखणार? तिनं पिझ्झा म्हटलं, म्हणजे पिझ्झा.

आता ही तीन वर्षांची भानगड सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लेकीला तो ठमी म्हणायचा. ठमी दहा वर्षांची असताना एकदा बाकावर चढून शेगडीवरच्या डब्यात डोकावली होती आणि नाक धरून तिनं विचारलं होतं, हे काय शिजतंय? बाइंडरनं खरं ते सांगितलं. हा सरस. पुस्तकाच्या पाठीला लावायचा. जनावरांच्या कातडीचा आणि हाडांचा करतात. पोर बाकावरून खाली उतरली. त्या दिवसापासून ती शेगडीच्या बाजूनं जायची नाही, लांबून वळसा घालून जायची. पुढे कॉलेजात गेल्यावर तिनं एकदम जाहीर केलं की मी आता व्हीगन. दूध नाही, लोणी नाही, मध नाही, जनावराकडून आलेलं काही म्हणजे काही नाही. तिच्या आईनं दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं तिच्यासाठी वेगळं पातेलं काढलं. आईचं ते तसंच असायचं. आधी बडबड, मग पातेलं.

चार वर्षांपूर्वी आई गेली. तिची एक वही होती, पाककृतींची, पानं सुटून हातात येणारी. ती ठमीनं मागून घेतली. बाइंडर म्हणाला, आण इकडे, बांधून देतो. ठमी म्हणाली, "नको बाबा. सरस लागेल तिला." तिनं साधंच म्हटलं होतं, पण बाइंडरला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. तो म्हणाला, "त्याच सरसावर तू लहानाची मोठी झालीस." मग ती वही तशीच, रबर लावलेली, तिच्या पिशवीत गेली.

हेही निभावलं असतं. बापलेकीत एवढं चालायचंच. पण त्यानंतर वर्षभरानं ठमी आजारातून उठून आठ दिवस राहायला आली, हाडं मोजून घ्यावीत अशी वाळलेली. बाइंडरनं बटाट्याचं सूप केलं. त्याला वाटलं, पोरीच्या अंगाला काही लागायला हवं. त्यानं त्यात अर्धी वाटी दूध ओतलं. तिनं चमचा तोंडाला लावायच्या आधी विचारलं, "दूध नाही ना?" आणि बाइंडर म्हणाला, "छे."

तिनं पाच-सहा चमचे घेतले असतील. मग पाणी प्यायला उठली आणि ओट्यावर ती वाटी तिला दिसली, तळाशी पांढरी.

ती ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं बाइंडरला पुढे कितीदा तरी वाटलं. ती फक्त म्हणाली, "बाबा, दुधाचं जाऊ दे. तू नाही म्हणालास."

तेव्हापासून ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची, बसायची, त्याची औषधं बघायची, चादरी बदलायची आणि निघायची. पण काही खायची नाही. "खाऊन आलेय," म्हणायची. तिच्या पिशवीत तिचा डबा असतो, हे त्याला माहीत होतं. ती तो कुठे खाते हे त्यानं कधी विचारलं नाही, पण एकदा तो तिच्या मागोमाग विसरलेली छत्री द्यायला गेला, तर ती बसथांब्याच्या बाकावर बसून तो डबा खात होती. बाइंडर छत्रीसकट परत आला. त्या दिवशी त्याला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात वाटली नव्हती.

म्हणून म्हटलं, थट्टा त्याच्या डोक्यात शिरण्यातली नव्हती.

त्यानं हात धुतले आणि समोरच्या शिंप्याला हाक मारली. शिंपी हा त्याचा जुना मित्र. स्वतःला सगळ्यातलं कळतं असा त्याचा समज होता, आणि त्याच्याकडे मोठ्या पडद्याचा फोन होता, त्यामुळे अर्धं कळायचंही.

"पिझ्झा करायचाय," बाइंडर म्हणाला. "दुधाबिधाशिवाय. साडेबाराच्या आत."

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "चीज नाही?"

"नाही."

"अरे, चीज नाही तर तो पिझ्झा कसला? बाहीशिवाय शर्ट झाला तो."

"बाहीशिवायचे शर्ट तूच शिवतोस ना? घालतात ना लोक?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. त्यानं फोनमध्ये शोधाशोध केली आणि मोठमोठ्यानं वाचायला सुरुवात केली. यीस्ट घ्या, पीठ दोन तास फुगू द्या.

"दोन तासांच्या आत ती दारात उभी असेल," बाइंडर म्हणाला. "पुढचं वाच."

पुढच्यात काजू रात्रभर भिजवायचे होते. त्याच्या पुढच्यात कसलंसं पौष्टिक यीस्ट होतं, ते तर गावात कुणी ऐकलेलंही नव्हतं. शेवटी एका ठिकाणी घाईचा पिझ्झा सापडला. मैद्यात खायचा सोडा आणि लिंबाचा रस घालायचा, लगेच मळायचा, तव्यावर झाकण ठेवून भाजायचा. वरचं पांढरं सॉस कसं? तर तेलात मैदा परता, पाणी घाला, गुठळ्या होऊ न देता घोटा. वाचता वाचता शिंपी थांबला आणि त्यानं वर पाहिलं. बाइंडरही त्याच्याकडेच बघत होता.

"ही तर खळ झाली," शिंपी म्हणाला.

"खळच," बाइंडर म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या जिवात जीव आला.

बेकरीतून तयार पाव आणावा असं आधी त्याच्या मनात आलं होतं. त्यानं कोपऱ्यावर जाऊन बेकरीवाल्याला विचारलंही, तर तो म्हणाला, "थोडं दूध असतंच हो, कळत नाही खाणाऱ्याला." बाइंडर तसाच मागे फिरला. कळत नाही खाणाऱ्याला! हेच तर त्याला तीन वर्षं छळत होतं.

घरी आल्यावर त्यानं फळीवरचं सगळं खाली उतरवलं. दोन टोमॅटो होते, एक मरतुकडी ढोबळी मिरची, अर्धा कांदा, लसणाचा एक गड्डा, मूठभर मक्याचे दाणे. सुक्या पाल्याची एक बाटली निघाली, ती बायकोच्या वेळची, पण वास शाबूत होता. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यानं भिंगाखाली धरून वाचली. तेलाची पिशवी वाचली. मिठाचा पुडासुद्धा वाचला. मिठात दूध कोण घालेल? पण एकदा तोंड पोळलेला माणूस, त्यानं वाचलं. मैदा मात्र नवा पुडा फोडला. पुढच्या खोलीत कामाचा मैदा पोतंभर होता, पण त्याच्याच शेजारी मोरचूद असायचं. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून खळीत टाकतात ते निळं विष. त्या खोलीतला मैदा पोटात जाणार नव्हता, एवढी अक्कल त्याला होती.

मग कामाला लागला. आणि इथे बघण्यासारखी गंमत होती. स्वयंपाकात ज्याला चहा-सूपापलीकडे गती नाही असा हा माणूस, पीठ मळायला घेतल्यावर त्याचे हात एकदम शहाणे झाले. ओल किती, ताण किती, हे त्याला बोटांनी कळत होतं. लाटणं सापडेना तेव्हा त्यानं रूळ आणला, धुतला, आणि पीठ लाटलं. गोल लाटायला गेला, पण ते हात आयुष्यभर चौकोनाला सरावलेले. दोनदा गोल करून पाहिला, दोनदा तो वहीसारखा झाला. "चुलीत जाऊ दे गोल," असं म्हणून त्यानं सरळ चौकोन केला, चारी कडा पुठ्ठ्यावर कापड दुमडतात तशा आत दुमडल्या, कोपरे तिरके कापून नीट बसवले. इतका काटकोनात बसलेला पिझ्झा जगात दुसऱ्या कुणी केला नसेल.

टोमॅटो आणि लसूण त्यानं परतून आटवले. शेजारच्या शेगडीवर पांढरं सॉस चढवलं. तेलात मैदा, मग पाणी, थेंब थेंब, आणि एका दिशेनं घोटणं. ते दाट होऊन पळीला चढायला लागलं तेव्हा त्याचा हात सवयीनं डाव्या फळीकडे गेला, मोरचुदाची चिमूट घ्यायला. फळीवर अर्थातच मीठ होतं. तरी त्यानं पुड्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. त्यानं मीठ घातलं, लिंबू पिळलं, लसूण किसून घातला, आणि चाखून पाहिलं. वाईट नव्हतं. खरं म्हणजे चांगलं होतं. आयुष्यभर आपण हे पुस्तकांना चारलं, असं त्याला वाटून गेलं.

आता तव्याला आणि पिठाला तेल लावायचं. चमच्यानं तेल पसरेना, एकीकडे थारोळं आणि दुसरीकडे कोरडं. काहीही सारखं लावायचं म्हणजे ब्रश, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो पुढच्या खोलीत गेला. तिथे त्याचे दोन ब्रश होते, एकाच दुकानातले, एकाच मापाचे, दोन्ही नायलॉनचे. एक खळीचा, त्याच्या दांड्याला लाल दोरा. दुसरा सरसाचा, त्याला काळा. चष्मा वाफेनं धुरकटला म्हणून त्यानं कपाळावर चढवलेला होता. त्यानं ब्रश उचलला, साबणानं तीनदा धुतला, गरम पाण्यात बुडवला, आणि तेल लावलं. काय सुरेख लागलं! कागदाला लावावं तसं, कडेपासून कडेपर्यंत.

साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना ठमी आली. पाठीवर मोठी पिशवी, हातात दुसरी, केस चिकटलेले. दारातच ती थांबली आणि तिनं वास घेतला.

"बाबा, तू खरंच पिझ्झा केलास?"

"तूच म्हणालीस ना."

"अरे, मी सहज म्हटलं होतं," ती म्हणाली, आणि मग तिचा चेहरा जरा वेगळाच झाला. ती झाकणाशी जाऊन वाकली. "चौकोनी?"

"गोल जमेना."

ती हसली. बाइंडरनं ते हसू किती दिवसांनी पाहिलं म्हणून विचारू नका. तिनं पिशव्या टेकवल्या, खुर्ची ओढली. मग तो ज्याची वाट बघत होता आणि ज्याला घाबरत होता ते तिनं विचारलं. फार हळू विचारलं, त्याच्याकडे न बघता. "काय काय घातलंस?"

त्यानं एकेक सांगितलं. मैदा, सोडा, लिंबू. टोमॅटो, लसूण. तेल कुठलं तेही सांगितलं. पुडे ओट्यावर ओळीनं मांडून ठेवले होते, ते दाखवले. तिनं एकाही पुड्याला हात लावला नाही. "बरं," म्हणाली, आणि हात धुवायला उठली.

बाइंडरनं पिझ्झा पाटावर काढला. खालून खरपूस, वर पांढऱ्यावर लाल ठिपके, मक्याचे दाणे फुटलेले. आता कापायचा. सुरी होती, पण सरळ कापायला पट्टी नको का? त्याशिवाय त्याच्यानं कागदाचा कपटासुद्धा कापवत नसे. तो चष्मा पुसून डोळ्यांवर घेत पुढच्या खोलीत स्टीलची पट्टी आणायला गेला.

बाकावर खळीचं भांडं होतं. भांड्यात ब्रश उभा होता, सकाळी फोन आला तेव्हा सोडून दिलेला. त्याच्या दांड्याला लाल दोरा.

 लाल इथे, तर मग आत ओट्यावर काय आहे?

काय असणार? त्याला बघायला जायची गरज नव्हती, तरी तो गेला. मोरीकडून पाण्याचा आवाज येत होता. त्यानं ओट्यावरचा ब्रश उचलला. दांड्याला काळा दोरा, तेलानं चमकणारा. नाकाशी नेला. साबणाचा वास, तेलाचा वास, आणि खाली, अगदी खाली, तो जुना वास. की नुसता भास? तीनदा धुतलाय. गरम पाण्यात बुडवलाय. परवा वापरलेला. सरसाचा एखादा कण उरला असेल, नसेल. जगात हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो गप्प बसला तर प्रश्नच नव्हता.

खोटं कशाला बोला, त्याच्या मनात तेही आलं. पोर सकाळपासून उपाशी आहे. तीन वर्षांनी पहिल्यांदा जेवायला बसलीय. दीड तासात ती जाणार, आणि मग दोन वर्षं. आत्ता तोंड उघडलं तर ती म्हणेल, "खाऊन आलेय." पिशवी उचलेल आणि थांब्यावरच्या त्या बाकावर जाऊन बसेल. खाणाऱ्याला कळत नाही. बेकरीवाल्याचं वाक्य त्याच्या कानात घुमलं, आणि त्याच्या मागोमाग त्याचा स्वतःचाच आवाज आला. छे.

तो वळला तेव्हा ठमी येऊन बसली होती. तिला धीर निघाला नव्हता. तिनं एक कोपरा हातानं तोडला होता आणि फुंकर मारत होती.

"थांब, ठमे," बाइंडर म्हणाला. "खाऊ नकोस."

तिनं हात खाली घेतला.

"तेल ह्यानं लावलं," तो म्हणाला आणि ब्रश पुढे धरला. "मला वाटलं खळीचा आहे. हा सरसाचा निघाला. धुतला होता, तीनदा धुतला होता, साबणानं. पण सरसाचा आहे." मग त्याला थांबवेना. "बाकी काही नाही. बाकी सगळं सांगितलं तसंच आहे, आईशप्पथ. चष्मा वर होता. दोरा बघितला नाही मी."

ठमीनं तो कोपरा पाटाच्या कडेला ठेवला. बोटं पुसली. समोरच्या शिंप्याचं मशीन घरापर्यंत ऐकू येत होतं. बाइंडर ब्रश हातात धरून उभा राहिला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

"कधी कळलं तुला?" तिनं विचारलं.

"आत्ता. पट्टी आणायला गेलो तेव्हा."

"मी तोंडात घालणारच होते."

"हो."

"मला कळलं नसतं."

"नसतं," बाइंडर म्हणाला. "म्हणून तर सांगितलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, तसे तिनं ते मनगटानं पुसले. बाइंडरला वाटलं, आता उठेल. ती उठलीच. पण पिशवीकडे गेली नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं पाहिलं.

"मैदा किती उरलाय?" ती म्हणाली.

"अर्धा पुडा."

"पाऊण वाजलाय. होईल. तू मळ, मी कांदा चिरते. आणि बाबा, ह्या वेळी ब्रश नको. हातानं लाव."

दुसरा पिझ्झा दोघांनी मिळून केला. तव्यापासून सुरीपर्यंत सगळं तिनं आधी घासून घेतलं. कांदा कमी पडला, मिरची संपलीच होती, टोमॅटोचं सॉस भांडं खरवडून जेमतेम पुरलं. बाइंडर तेल बोटांनी लावायला गेला आणि त्याला ते काही सारखं लागेना. ठमीनं त्याचा हात धरून बाजूला केला आणि स्वतः लावलं, भराभर, कसंही. तो बघत होता. तिची बोटं हुबेहूब तिच्या आईची होती.

"हे पांढरं कसलं केलंस?" उरलेलं सॉस पसरताना तिनं बोट चाटून विचारलं. "मस्त झालंय. एक गुठळी नाही."

"खळ आहे."

ती थबकली. "काय?"

"खळच. तेल, मीठ आणि लसूण जास्तीचा. मोरचूद नाही घातलं."

ठमी जी हसत सुटली, ती ओट्याला धरून खालीच बसली. "तीन वर्षांनी जेवायला आले, आणि तू मला खळ चारतोस," ती म्हणत होती आणि हसता हसता रडत होती, आणि बाइंडरला कळेना की पाणी द्यावं की पाठ थोपटावी. त्यानं दोन्ही केलं.

एक वाजून वीस मिनिटांनी ती जेवायला बसली. पहिला घास तिनं सावकाश चावला. बाइंडर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटत होतं आपण बघत नाही आहोत.

"बाबा, असा बघू नकोस, माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

"बरं," म्हणून तो खिडकीकडे तोंड करून बसला. ठमीनं चार चौकोन खाल्ले. पाचवा कागदात गुंडाळून दे म्हणाली, प्रवासाला. त्यानं तो असा गुंडाळला, कडा अशा दुमडल्या, की उघडायला जिवावर यावं.

"त्या दिवशीसुद्धा," ती पाणी पिऊन म्हणाली, "सूप खाल्ल्यावर जरी सांगितलं असतंस ना, तरी मी चिडले असते आणि दुसऱ्या दिवशी जेवले असते. ते 'छे' म्हणालास, तेच डोक्यातून जाईना. कुठेही जेवायला बसले की आधी तेच ऐकू यायचं."

"मला पण," बाइंडर म्हणाला. "रोज." आणि मग, इतकी वर्षं जे त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते निघालं. "चुकलं माझं, बाळ."

 उठून तिनं मोठी पिशवी उघडली, कपड्यांखाली हात घातला, आणि रबर लावलेली ती वही बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवली. पानांचे कोपरे गळायला आले होते. वरच्या पानावर आईचं अक्षर होतं, उजवीकडे कललेलं.

"बरोबर घेऊन चालले होते," ठमी म्हणाली. "पण तिकडे पोचेपर्यंत तिचा चुरा होईल. बांधून ठेवशील? सरस नको."

बाइंडरनं वहीला हात लावला नाही. आधी हात पुसले. "सरस नाही," तो म्हणाला. "जुजबंदी करीन, नुसत्या दोऱ्याची शिवण. पाठीला फक्त खळ. पण सरसासारखी ती तासात सुकत नाही, ठमे. पानापानात कोरडा कागद घालून, दाबात ठेवून, सावकाश सुकवावं लागतं. घाई केली तर सुटते."

"मग घाई करू नकोस."

"पोस्टानं पाठवू, झाल्यावर?"

"नको," ती पिशवी पाठीला लावत म्हणाली. "घ्यायला मीच येईन."

तो तिच्याबरोबर थांब्यापर्यंत गेला. बस वेळेवर आली. ती खिडकीशी बसली आणि तिनं कागदातला तो चौकोन मांडीवर ठेवून त्याला हात केला. बस वळेपर्यंत बाइंडर तिथेच होता. त्या बाकाकडे त्यानं एकदा पाहिलं, आणि घरी आला.

शिंपी दारातच उभा होता. "जमला का रे?"

"दुसरा जमला. पहिला तुझ्यासाठी ठेवलाय, घेऊन जा. चौकोनी आहे."

शिंपी पाट घेऊन गेला. पण ठमीनं तोडून ठेवलेला तो कोपरा बाइंडरनं आधीच काढून घेतला होता. तो त्यानं उभ्याउभ्याच खाल्ला, गार झालेला. मग हात धुतले, कोरडे केले, सरसाचा ब्रश जागच्या जागी ठेवला, चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि वहीचं रबर सोडलं.